वायफाय लागत नाही? कुलूप काढू नका, खोट शोधा



विहिरीवरची मोटर पाणी उचलेनाशी झाली म्हणजे जाणता शेतकरी ती उपसून लगेच रिवाइंडिंगच्या दुकानात नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग पाइपात हवा धरली आहे का, फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे का, असे एकेक तपासतो. खोट सापडली की दुरुस्ती बहुधा पाच मिनिटांची असते.

घरातल्या छोट्या लॅपटॉपचे वायफाय लागेनासे झाले म्हणजे मात्र हेच शहाणपण आपण विसरतो. एक जण राउटर बंद-चालू करतो, दुसरा पासवर्ड बदलतो, तिसरा दिसेल ते बटण दाबतो. अर्जाची मुदत उद्यावर आलेली असते. शेवटी कोणी तरी म्हणते, "तो पासवर्डच काढून टाका, म्हणजे लागेल." आणि खरोखरच लागते! सर्वांना हायसे वाटते. पण हा उपाय म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून घराचे दारच काढून ठेवण्यासारखे आहे.

महाडीबीटीवरचा अर्ज, त्याला जोडायची कागदपत्रे, सातबाऱ्याची प्रत, मुलांचा अभ्यास, ही कामे मोबाईलपेक्षा लॅपटॉपवर सोपी जातात. पुष्कळ घरांत हा लॅपटॉप दहा इंची पडद्याचा, २००८ ते २०१२ च्या सुमारास निघालेल्या जातीचा असतो. कुणा नातेवाइकाने वापरून दिलेला असतो. राउटर नवा आणि लॅपटॉप जुना, अशी ही जोडी. एक बैल तरणा आणि एक म्हातारा असला तर औत जसे ओढले जाईल, तसेच येथे होते. म्हणून क्रमाने तपासणी करावी.

पाणी हौदापर्यंत आले आहे का?

प्रथम घरातला एखादा मोबाईल घ्या. त्याचा मोबाईल डेटा बंद करा आणि तो फक्त वायफायवर चालवून पाहा. मोबाईलही चालत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. खोट पलीकडे आहे. फायबरचे कनेक्शन असेल तर डबीवर एलओएस ही इंग्रजी अक्षरे लिहिलेला दिवा पाहा. तो लाल पेटला असेल तर तारेतून प्रकाश येत नाही असे समजा. चर खणताना तार तुटली असेल, कोठे जास्त वाकली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल. अशा वेळी कंपनीकडे तक्रार नोंदवणे हाच उपाय. दिवे ठीक असतील तर राउटर बंद करून एक मिनिट थांबा, मग चालू करा आणि त्याला तीन-चार मिनिटे द्या.

मोबाईल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, असे असेल तरच पुढे जा.

लॅपटॉपला आपले नाव दिसते का?

वायफायच्या यादीत एकही नाव दिसत नसेल तर लॅपटॉपचे वायफायच बंद असण्याचा संभव मोठा. छोट्या लॅपटॉपला पुढच्या किंवा बाजूच्या कडेवर सरकते बटण असते, नाहीतर एफएन हे बटण धरून वरच्या ओळीतले मनोऱ्याचे चित्र असलेले बटण दाबावे लागते. पिशवीतून काढता-घालताना ते सरकते. एअरप्लेन मोड चालू राहिला आहे का, तेही पाहा.

शेजाऱ्याचे नाव दिसते पण आपले दिसत नाही, ही तक्रार वेगळी. आजचे पुष्कळ राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. जुन्या छोट्या लॅपटॉपांपैकी बहुतेकांना फक्त २.४ चा पट्टा कळतो. राउटरवर २.४ चा पट्टा बंद असेल तर लॅपटॉपच्या दृष्टीने तुमचे वायफाय नाहीच. तो चालू करा आणि शक्यतो त्याला वेगळे नाव द्या. त्याच ठिकाणी चॅनेलही पाहा. आपल्याकडे २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनेल वापरता येतात. परंतु अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या काही लॅपटॉपांना १२ आणि १३ हे चॅनेल दिसत नाहीत. १, ६ किंवा ११ ठेवला की अडचण राहत नाही.

२.४ चा पट्टा भिंतीतून जास्त चांगला जातो, हे त्याचे वैशिष्ट्य. तरीही दगड-मातीची जाड भिंत, पत्रे आणि लोखंडी कपाट त्याला अडवतात. राउटर कपाटामागे कोंडून ठेवू नका. उंचावर, मोकळ्या जागी ठेवा.

नाव दिसते, पण पासवर्ड चुकीचा म्हणतो

ही सर्वात जास्त येणारी तक्रार. छोट्या लॅपटॉपला आकड्यांची वेगळी बटणे नसतात. ती अक्षरांवरच बसवलेली असतात. नमलॉक चालू राहिला तर यू, आय, ओ, जे, के, एल ही अक्षरे दाबल्यावर ४, ५, ६, १, २, ३ हे आकडे उमटतात. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळत नाही. म्हणून पासवर्ड आधी नोटपॅडवर टाइप करून डोळ्यांनी वाचा. लहान-मोठी लिपी, शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा घोळ पाहा. बरोबर असेल तर जुनी नोंद 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने द्या.

एवढे करूनही दाद देत नसेल तर कुलपाची जात पाहावी. राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी' या सदरात ती सापडते. तेथे जाण्याचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. डब्ल्यूपीए-३ हे २०१८ मध्ये आलेले नवे कुलूप विंडोज सेव्हनला उघडता येत नाही. तेथे 'डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ मिश्र' निवडा. तेही न चालल्यास 'डब्ल्यूपीए-२, एईएस' निवडा. २००४ पासूनचे हे कुलूप अजून भक्कम आहे. मात्र पासवर्ड लांब हवा. तो ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. १२ च्या खाली जाऊ नये, आणि मोबाईल नंबर किंवा मुलाचे नाव तर नकोच.

जोडले म्हणतो, पण काही उघडत नाही

नेटवर्कच्या तपशिलात आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बंद करून आधी राउटर, मग लॅपटॉप चालू करा.

पत्ता ठीक असूनही प्रत्येक साइटवर धोक्याची सूचना येत असेल तर तारीख पाहा. जुन्या लॅपटॉपातला घड्याळाचा छोटा सेल संपला की तारीख अनेक वर्षे मागे जाते, आणि बँकेची किंवा सरकारी साइट उघडत नाही. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या.

अर्जाची घाई असेल तर लॅपटॉप राउटरला लॅनच्या तारेने जोडून काम उरका. तारेवर चालले, तर खोट फक्त वायफायच्या भागात आहे हेही कळते. तो भागच निकामी झाला असेल तर पेनड्राइव्हएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर लावता येतो.

कुलूप का काढायचे नाही

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोचले. त्या घरातल्या माणसाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे वायफाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. पण चौकशीला त्यालाच तोंड द्यावे लागले. कनेक्शन ज्याच्या नावावर, माग त्याच्याच दारात येतो.

जुन्या लॅपटॉपला चालते म्हणून काही जण डब्ल्यूईपी हे जुनाट कुलूप लावतात. त्यातील दोष २००१ सालीच उघड झाले आहेत. ते लावणे म्हणजे कुंपण घालून फाटक उघडे ठेवणे होय. आणखी एक गोष्ट. १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज सेव्हनला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले. अशा लॅपटॉपवर अभ्यास करावा, सातबारा पाहावा. बँकेचा व्यवहार करू नये.

शेवटी एकच सांगणे. बियाणे आणि खत एकाच हंगामात बदलले तर उत्पन्न कशाने वाढले ते कळत नाही. येथेही एका वेळी एकच बदल करा, तपासा आणि वहीत लिहून ठेवा. राउटरचे नाव, कुलपाची जात आणि कंपनीचा तक्रार क्रमांकही त्याच वहीत असू द्या. पासवर्डचा कागद मात्र भिंतीवर न चिकटवता सातबाऱ्याच्या फायलीत ठेवावा. आणि अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी भरायला बसा. घाई नसली म्हणजे कुलूप काढायची बुद्धी कोणाला होत नाही.