घराला डार्क मोड का नाही?

२०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोघांनीही पूर्ण फोनसाठी डार्क मोड दिला. आता एखाद्या अ‍ॅपमध्ये तो नसला तर आपण रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन मोकळे होतो. सहा इंचांच्या पडद्यासाठी इतके हट्टी असलेले आपण, वीस वर्षं हप्ते भरायच्या घरात उजेड कुठून यावा, कसला यावा आणि तो कमी कसा करायचा, हे विचारतच नाही. बिल्डर सांगत नाही, ‘ग्रीन होम’ म्हणून फ्लॅट विकणारेही सांगत नाहीत. भरपूर उजेड म्हणजे चांगलं घर, हे परस्पर ठरून गेलंय. माझं भांडण त्याच्याशी आहे.

कारण उजेड सगळ्यांना सारखा मानवत नाही. जगात साधारण सातातल्या एका माणसाला मायग्रेन आहे आणि त्यातल्या बहुतेकांना अ‍ॅटॅकमध्ये प्रकाश सहन होत नाही. अल्बिनिझम असलेले, ल्युपसचे रुग्ण, डोक्याला मार बसलेले, डोळे कोरडे पडणारे, अशी यादी बरीच लांब आहे. मी मायग्रेनवाली. फ्लॅट बघायला गेले की काचेची भलीमोठी खिडकी दाखवून सांगतात, “मॅडम, फुल सनलाइट!” मी विचारते, “आणि तो बंद कसा करायचा?” त्यावर ठरलेलं उत्तर येतं, “पडदे लावा ना.”

हे नाजूकपणाचे नखरे आहेत असं वाटत असेल तर एक संशोधन सांगते. बोस्टनमध्ये नोसेडा, बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी मायग्रेन असलेल्या अंध लोकांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच दिसत नव्हतं, पण प्रकाशाची जाणीव शिल्लक होती, त्यांचीही डोकेदुखी उजेडाने वाढत होती. म्हणजे बघण्याच्या यंत्रणेपलीकडे डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या आणखी पेशी आहेत आणि त्यांची वायर थेट दुखण्याच्या सर्किटला जोडलेली आहे. या पेशी निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात.

आता घरातले दिवे बघा. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली, ते चांगलंच झालं. पण आपण फक्त वॅट मोजले. दुकानात ‘बल्ब द्या’ म्हटलं की हातात बहुधा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा पडतो. त्यात ड्रायव्हर स्वस्तातला असेल तर तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, पण काही डोक्यांना कळतं. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून घरातल्या दिव्याचा व्हिडिओ काढा. उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा बदला. २७०० केल्विनचा, न लुकलुकणारा एलईडीही वीज वाचवतोच.

पडद्याचा सल्ला तर इंजिनिअरिंगच्या दृष्टीनेही कच्चा आहे. ऊन काच ओलांडून आलं की उष्णता घरात शिरलेली असते. नंतर पडदा ओढला तर डोळे वाचतात, पण एसी चालूच राहतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. पुण्यात २१ मार्चच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला तर ते ऊन आत येत नाही. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, छज्जाखालून सरळ घुसतं. तिथे बाहेरून लाकडी झडपा किंवा बांबूचा चिकाचा पडदाच लागतो. म्हणजे प्रकाशाने त्रास होणाऱ्याला जे घर मानवतं, तेच घर एसीचं बिलही कमी करतं. तरीही ‘ग्रीन’ म्हणून आपल्याला काचच विकली जाते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. उजेड न पोचणाऱ्या घरांनी या देशात माणसं आजारी पाडली आहेत. मुंबईत पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. ओल आणि क्षयरोग यांना अशी घरं फावतात. मग मी अंधार मागतेय का? अजिबात नाही. घरात सतत काळा चष्मा लावून बसलं तर डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी टोचू लागतो, असं डॉक्टरच सांगतात. मी मागतेय तो ताबा. पुनर्वसनाच्या खोलीत उजेड वाढवता येत नाही आणि काचेच्या टॉवरमध्ये कमी करता येत नाही. राहणाऱ्याच्या हातात दोन्हीकडे काहीच नाही.

कोकणातल्या जुन्या घरात अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात जाताना उजेड पायरीपायरीने उतरत जायचा आणि डोळ्यांना सावरायला वेळ मिळायचा. त्याचे गोडवे गाताना हेही आठवावं की माजघरातला अंधार आणि चुलीचा धूर बायकांच्याच वाट्याला आला. आपल्याला त्या घरातली उजेडाची उतरण हवी आहे, कोंडणं नको. लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या जाळीच्या भिंती बांधल्या, त्यातून हवा खेळते आणि ऊन कवडशांपुरतं उरतं. हवा आणि झगझगाट वेगळे करता येतात, याचा याहून स्वस्त पुरावा नको.

साडेतीनशे चौरस फुटांतही हे बसतं. पश्चिमेला संडास-बाथरूम आणि कपाटं, म्हणजे तापणारी भिंत झोपायच्या खोलीची नसेल. दारातून थेट खोलीत न जाता मध्ये एक कमी उजेडाची छोटी जागा. चकचकीत पांढऱ्या टाइल्सऐवजी पॉलिश न केलेली शहाबादी. छतातून डोक्यावर दिव्यांची रांग नको, भिंतीकडे तोंड केलेले दोन-तीन दिवे पुरेत आणि प्रत्येकाचं बटण वेगळं. ल्युपस असलेल्या माणसासाठी लॅमिनेटेड काच, कारण साधी काच अतिनील-ए किरण आत सोडते आणि लॅमिनेटेड काच ते जवळजवळ सगळे अडवते. यात परदेशातून मागवावं असं काहीही नाही.

‘सुगम्य’ इमारत म्हटलं की आपल्याकडे रॅम्प आणि लिफ्ट आठवतात. ती लढाई अपंगांनी भांडून जिंकली, कोणी आपणहून दिली नाही. उजेडाचंही तसंच होणार आहे. तेव्हा पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल, भाड्याचा असला तरी, तेव्हा दुपारी चार वाजता जा आणि पश्चिमेच्या खिडकीत उभं राहून विचारा, की हे ऊन बाहेरच्या बाहेर कसं थांबवायचं. छज्जा किती फुटांचा आहे? बाहेरून झडप लावायला सोसायटीची परवानगी आहे का? तुम्हाला मायग्रेन नसला तरी विचारा. दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला ब्रोशरमध्ये उत्तर छापलेलं मिळेल.