सिद्ध करा म्हणतात? करू!



या अंकात कविता कमी आहेत. ज्यांना राग येईल त्यांनी यावं, भांडावं. पण आधी हे वाचावं.

परवाच्या बैठकीला एक पोरगा आला. नाव लिहीत नाही. त्याला अजून त्याच कॉलेजात परीक्षा द्यायचीय. बाप सातपूरला ठेकेदाराच्या हाताखाली, आई चार घरची धुणीभांडी करते. घराण्यात बी.एस्सी.चं तोंड पाहिलेला हा पहिलाच. विषय गणित. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं आणलेल्या भाषेत ‘मेजर’ गणित. म्हणाला, "दादा, गणित सोडतोय. कॅल्क्युलसचा पहिला पेपर निघाला. दुसऱ्यात दांडी उडाली. आपल्या डोक्याचं काम नाही ते."

आपल्या डोक्याचं! हे ‘आपलं डोकं’ कोणी मोजलं? खोदून विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं.

वर्गात फळ्यावर बेरीज लिहिली होती. एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश... अशी न संपणारी. सर म्हणाले, ही बेरीज अनंताकडं जाते. पोरानं हात वर केला. "सर, पुढचं पद लहान लहान होत शून्याकडं चाललंय. मग बेरीज कुठंतरी थांबायला पाहिजे ना?" सर म्हणाले, "हे ट्रिव्हियल आहे. तुम्ही लोक इथवर कसे येता ते माहीत आहे आम्हाला." वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरानं हात वर केला नाही.

ते हसू आम्ही ओळखतो. ते पाणवठ्यावर होतं, देवळाच्या दारात होतं. आता फळ्यापाशी उभं आहे.

पण नुसतं चिडून चालायचं नाही. पोराचा प्रश्न काय होता तो नीट बघा. पहिली दोन पदं सोडा. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून अर्ध्याहून जास्त, कारण दोन चतुर्थांश म्हणजेच अर्धा. पुढची चार पदं घ्या, एक पंचमांश ते एक अष्टमांश. त्यातलं सगळ्यात लहान एक अष्टमांश. असे चार म्हणजे अर्धा. म्हणजे ही चार अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ पदं, परत अर्ध्याहून जास्त. मग सोळा, मग बत्तीस. दर खेपेला अर्धा, अर्धा, अर्धा. हे अर्धे कधी संपत नाहीत. तुम्ही हजाराची भिंत बांधा, लाखाची बांधा, ही बेरीज ती ओलांडून जाणार!

झालं. एवढंच. आठवीच्या पोराला अपूर्णांक येत असतील तर त्यालाही कळेल. पण म्हणून ते ‘ट्रिव्हियल’ नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमनं ही युक्ती काढली. आमच्या सातपूरच्या पोरानं नेमकी तीच अडचण विचारली, जिच्यासाठी ही युक्ती काढावी लागली. तो प्रश्न अडाण्याचा नव्हता. तो गणित्याचा प्रश्न होता. हसणाऱ्या वर्गात एकालाही तो पडला नव्हता!

कॅल्क्युलसचा पहिला टप्पा बहुतेकांचा निघतो. का? बारावीला सूत्रं पाठ झालेली असतात. याचं डेरिव्हेटिव्ह हे, त्याचं इंटिग्रल ते. घोकलं, ओकलं, मार्क पडले. दुसऱ्या टप्प्याला खेळ बदलतो. तिथं अनंत श्रेणी येतात, मध्यमान प्रमेय येतं, टेलर येतो. तिथं विचारतात, ‘का?’ तिथं लिहिलेलं असतं, ‘सिद्ध करा’. ज्याच्या घरात इंजिनिअर काका आहे, क्लासवाल्याची फी भरायची ऐपत आहे, तो निभावून नेतो. आमचा पोरगा एकटा पडतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला, अकरावीला एकदम इंग्रजीच्या पुरात ढकललेला. ‘फॉर एव्हरी एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो’ असं वाक्य आलं की त्याला वाटतं हा मंत्रच आहे. आणि मंत्र आपल्यासाठी नसतात, हे त्याला पिढ्यानपिढ्या शिकवलेलं!

आरं, मंत्र नाही तो. बोलीत सांगायचं तर ते आव्हान आहे. तू मला कितीही बारीक फट सांग, शून्याहून मोठी असली म्हणजे झालं. मी तुला असा टप्पा दाखवतो की तिथून पुढं सगळी पदं त्या फटीत बसतील. तू म्हण हजारावा भाग, मी दाखवतो. तू म्हण कोटीवा भाग, मी दाखवतो. सीमा म्हणजे एवढंच. यात गुरूचा शब्द प्रमाण नाही, पोथी प्रमाण नाही. दाखव, नाहीतर गप्प बस. तथागतानं कालामांना दुसरं काय सांगितलं होतं? परंपरा सांगते म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून घ्या. ज्याला ‘सिद्ध करा’ची भीती वाटायला हवी तो आम्ही नाही. ज्याची सगळी सत्ता सिद्ध न करता चालत आली, त्यानं भ्यावं!

कोणी म्हणेल, गणित ही त्यांचीच विद्या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ग्रहाची त्या क्षणाची गती कशी काढावी याचा विचार त्यात आहे. कॅल्क्युलसच्या उंबऱ्यावरच पोचलेला माणूस. त्याचा ग्रंथ शिकवायला त्याच्या नातवानं चाळीसगावजवळ पाटण इथं मठ काढला. १२०७ चा शिलालेख आहे. त्या मठात आमच्या आज्यापणज्याला बसायला जागा होती का? विद्या थोर होती, दार बंद होतं. दार बंद ठेवल्यावर विद्येचं काय होतं ते उरलेल्या देशानं भोगलं.

पण नाशिककरांनो, तुमच्या उशाशी त्रिरश्मी लेणी आहेत. तिथं सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे. भिक्खुसंघासाठी ठेव ठेवलेली. २००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडं, दरमहा शेकडा एक व्याजानं. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी बारा बारा कार्षापण. करा हिशेब. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैशाला पै जुळते! पैसा कोणाकडं? विणकरांकडं. हिशेब कोणाच्या भिंतीवर? भिक्खूंच्या. आकडे आम्हाला परके कधीपासून झाले?

१८८२ मध्ये जोतिबांनी हंटर आयोगापुढं शाळेत हिशेब शिकवा म्हणून मागणी केली, कारण ज्याला हिशेब येत नाही त्याची जमीन सावकाराच्या वहीत जाते हे त्यांनी पाहिलं होतं. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ काढला, तो आकड्यांच्या जोरावर. आज कर्ज कोणाला द्यायचं, नोकरीचा अर्ज कोणाचा बाजूला टाकायचा हे मशीन ठरवायला लागलंय. त्या मशीनच्या पोटात कॅल्क्युलस आहे. सावकाराची नवी वही ती. ती वाचता येणारा आपल्यात कोण आहे?

इथं आपल्यालाही चार शब्द सुनावले पाहिजेत. चळवळीत कवी झाले, वक्ते झाले, वकील झाले. चांगलं झालं. पण गणित सोडून आलेल्या पोराला आपण काय म्हणतो? ‘सोड रे, तू आपल्या कामाला लाग.’ पोस्टर लावायला आणखी दोन हात मिळाले म्हणून आपण खूश! हा गुन्हा आहे. हैदराबादच्या रोहित वेमुलाला विज्ञानलेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याच्या नावानं घोषणा देणाऱ्यांनी एका तरी पोराला विज्ञानात टिकवून दाखवावं.

आणि पोरांनो, तुम्हालाही. जात आडवी येते हे खरं. स्कॉलरशिप वेळेवर येत नाही हे खरं. पण एप्सिलॉन तुमची दया करणार नाही. घासावंच लागेल. १९३० मध्ये २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि आपल्या माणसांनी तो वर्षानुवर्षं चालवला. त्याच साली देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर मास्तर रुजू झाले. ना मोठी पदवी, ना विद्यापीठाची खुर्ची. पोरं शिकवता शिकवता ६१७४ चा चमत्कार शोधून जगाला दिला. चिकाटी म्हणजे काय, ते या जिल्ह्यानं एकाच साली दोन ठिकाणी दाखवलंय.

तर आता ठरलं ते असं. दर रविवारी सकाळी विहारात फळा लागेल. ज्यांचा पेपर निघालाय त्यांनी शिकवायचं. इंग्रजी व्याख्या आधी मराठीत, मग बोलीत, मग परत इंग्रजीत, कारण परीक्षा तिथंच आहे. ‘का?’ विचारणाऱ्याला हसणारा बाहेर जाईल. स्कॉलरशिप अडली तर पोरगा एकटा खिडकीवर जाणार नाही, आपण पंधरा जण जाऊ. आणि ज्या प्राध्यापकांना शिकवायची खरी तळमळ आहे, त्यांनी जात न सांगता यावं. खडू आमचा.

सातपूरच्या पोरानं परत फॉर्म भरलाय. गेल्या रविवारी विहारात दहावीच्या पोरांना त्यानं तीच बेरीज शिकवली. एका पोरीनं विचारलं, "दादा, पण ही लाखापर्यंत जायला किती पदं लागतील?"

तो म्हणाला, "माहीत नाही. बस, काढू."

जय भीम!

संपादक