हिरवे दिसते ते रानच का?

वाचकहो, उपग्रहाने टिपलेले कोकणचे चित्र समोर आले, की सह्याद्रीच्या पायथ्याची झाडी पाहून आपला जीव सुखावतो. मला मात्र तिथे एक शंका छळते. ही झाडी म्हणजे ऐन-किंजळाचे रान, की काजूची बाग? उपग्रहाला विचाराल, तर तो बिचारा गप्प! त्याला कळतो तो पानांवरून परतलेला उजेड. झाडाचे नाव त्याला कुणी तरी सांगावे लागते.

हे सांगणारा माणूस पायीच जातो. खांद्याला झोळी, हातात जागा दाखवणारे यंत्र आणि वही. ठरल्या जागी उभा राहून तो झाडे ओळखतो, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजतो, वर पाहून पानांचे छत किती दाट ते लिहितो. आपल्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २३.५ मीटरांचा चौरस. म्हणून कडेला उभे राहून भागत नाही, एकसारख्या झाडीच्या आत शिरावे लागते. आणि जागा निवडायच्या त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. सोयीच्या म्हणून सडकेकाठच्याच घेतल्या, तर दरीतले रान वहीत येतच नाही.

जमलेल्या नोंदींचे मग दोन वाटे करतात. एका वाट्यावरून संगणकाला शिकवायचे. दुसरा झाकून ठेवायचा आणि त्यावर त्याची परीक्षा घ्यायची. शिकवणीत सोडवलेलीच गणिते परीक्षेत आली, तर आपला बंडूही शंभरपैकी शंभर मिळवील; त्यात हुशारी ती काय?

एवढी यातायात कशाला, म्हणाल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून देशाच्या वनांचे अहवाल काढते. त्यांत एक हेक्टर वा अधिक जागेवर झाडांचे छत १० टक्के वा अधिक असले, की ते वनाच्छादन. मग ती आमराई का असेना! म्हणजे इकडे जुने रान तुटले आणि तिकडे तेवढीच बाग वाढली, तरी बेरीज जागच्या जागी. बागेवर शेतकऱ्याचे घर चालते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण धनेश पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची मोठी ढोली लागते. ती कलमांच्या बागेत कुठून मिळणार?

म्हणून वनांचा आकडा वर्तमानपत्रात आला, की मी दोन गोष्टी शोधतो : यात रान किती नि बागा किती, आणि पडताळा घ्यायला माणूस किती ठिकाणी पायी गेला होता? तुम्हीही शोधून पाहा.