मान्यता कोणी द्यावयाची?

कामगार संघटना स्वतंत्र असावी, हे वाक्य सरकार, मालक आणि पुढारी हे तिघेही सारख्याच उत्साहाने उच्चारतात. अशा संघटनेस मान्यता कोणी द्यावयाची, एवढेच त्यांस विचारावे. म्हणजे तो उत्साह किती खोल आहे ते कळते.

मुंबईच्या गिरण्यांपुरता हा प्रश्न 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने निकालात काढला होता. एका क्षेत्रातील एका धंद्यात एकच ‘प्रातिनिधिक संघ’; त्याने केलेला करार सर्वांवर बंधनकारक; आणि तो संघ कोणता, हे सभासदसंख्या तपासून सरकारी निबंधकाने ठरवावयाचे. कामगारांच्या गुप्त मतदानास त्यात स्थानच नव्हते. हा मान काँग्रेसच्या छायेतील इंटकशी संलग्न अशा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि अनेक वर्षे तेथेच राहिला. संघटनांच्या चढाओढीत मालकाचेच फावते, म्हणून संघ एकच असावा, हा विचार मुळात वाईट नव्हता. परंतु ज्यास मताने दूर करण्याची सोय नाही, अशा प्रतिनिधीस आपल्या माणसांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. तो वर पाहू लागतो.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच हा कायदा रद्द करावा अशीही त्यांची मागणी होती. संप बेकायदा ठरला. सरकारने कायद्यावर बोट ठेवून मान्य संघासच प्रतिनिधी मानले. म्हणजे ज्याच्या शब्दावर कामगार कामावर येणार नव्हते, बोलणी करावयाची ती त्याच्याशी! रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडील कितीतरी घरांच्या चुली त्या पगारावर पेटत होत्या. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला, आणि हजारो कामगारांस गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. डॉ. सामंतांकडे काहीच दोष नव्हता, असे आम्ही म्हणत नाही. पक्षाच्या दावणीतून सुटलेली ही चळवळ एका व्यक्तीच्या शब्दास बांधली गेली. माघार केव्हा घ्यावी हे मतपेटीने ठरविण्याची रीत तिनेही घातली नाही.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. एकाहून अधिक संघ असल्यास, हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ वाटाघाटींचा एकमेव अधिकारी. पाठिंबा पडताळावयाची पद्धत मात्र संहितेने नियमांवर सोपविली. आमच्या मते ती पद्धत एकच असू शकते : ठराविक मुदतीने गुप्त मतदान. वर्गणीच्या पावत्या मोजून निष्ठा मोजता येत नाही.

आणि पट तरी कोणाचा? कंत्राटी कामगाराचे नाव कारखान्याच्या पटावर नसते, ठेकेदाराच्या वहीत असते. एकाच यंत्रावर राबणाऱ्या दोघांपैकी एकासच मत मिळणार असेल, तर हे 51 टक्के कोणाचे, याचा खुलासा केंद्रीय कामगार मंत्र्यांनी करावा.