विमान नव्हे, आधी प्रशिक्षक पाहा
गोंदियाच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडतात. अमरावतीच्या बेलोऱ्यातही एअर इंडियाने प्रशिक्षण संस्था उभारायचे ठरवले. त्यामुळे देवळीच्या मुलांनाही हे स्वप्न आवाक्यातले वाटू लागेल. पण प्रवेश घेताना शिकवणारा कसा आहे, हे आधी विचारा. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. मात्र नुसते तास भरून निर्णयक्षमता येत नाही. चांगला प्रशिक्षक धडा आधी जमिनीवर समजावतो. विमानाचा ताबा कोणाकडे, हे दर वेळी स्पष्ट बोलतो. छोटी चूक विद्यार्थ्याला सुधारू देतो, धोका दिसताच ताबा घेतो. उतरल्यावर चुकांची उजळणी करतो, पाणउतारा नाही. ओरड्याच्या भीतीने लपवलेली चूक एकट्याने उडताना जिवावर बेतू शकते.