साबणाचा हिशोब वाटीने नको, वजनाने करा

व्हिडिओखाली सारखा एकच प्रश्न येतो: "एक किलो तेलाला कॉस्टिक किती?" माझं स्पष्ट मत आहे, कुठलं तेल ते न विचारता जो उत्तर देतो, त्याच्याकडे साबण शिकू नका.

खोबरेलाला किलोमागे साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. एरंडेलाला जेमतेम 128. खोबरेलाचं माप एरंडेलाला लावलं तर 55 ग्रॅम कॉस्टिक वडीत तसंच उरणार, आणि ते गिऱ्हाइकाच्या अंगाला लागणार. म्हणून मी 5 टक्के कमीच धरतो, खोबरेलाला 174. थोडं तेल उरलेलं परवडतं.

आता धंद्याचं बोलू. 1000 ग्रॅम तेल, 174 कॉस्टिक, 330 पाणी, मिळून 1504. साच्यात तेवढंच उतरतं. रिअ‍ॅक्शनमध्ये वजन गायब होत नाही, ग्लिसरीनसुद्धा वडीतच राहतं. पण चार-सहा आठवडे वाळताना पाणी उडतं. तरी ओली वडी 100 ग्रॅमची कापायची आणि रॅपरवर 100 ग्रॅम छापायचं, असं बरेच जण करतात. हे मापात पापच झालं की! वाळलेल्या वडीचं वजन करा, कॉस्टिंग त्यावरच काढा. आणि काटा एक-एक ग्रॅम दाखवणारा घ्या, भाजीच्या तागडीवर हे जमत नाही.