संच नवा, बटणे जुनी

चंदीगढमध्ये मोटार हाकणाऱ्यास वारंवार वर्तुळाकार चौक ओलांडावे लागतात. तेथे दृष्टी रस्त्यावर व हात चक्रावरच हवेत. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार दोन सेकंदांत सुमारे 28 मीटर अंतर तोडते. रेडिओचा आवाज कमी करण्यासाठी तेवढा वेळ मान वळवणेही महागात पडते. म्हणूनच स्टिअरिंगवरील बटणे ही निव्वळ चैन नव्हे.

कारखान्यातून आलेला संगीतसंच बदलताना मात्र ती निकामी होण्याचे भय असते. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये जाण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे. काही गाड्यांत प्रत्येक बटणाचा विद्युत्-रोध निराळा असतो व त्यावरून संच आज्ञा ओळखतो. अशा वेळी नव्या संचाच्या ‘की’ तारा जोडून त्याला एकेक बटण शिकवले की काम भागते. इतर गाड्यांत आज्ञा सांकेतिक अंकांत ‘कॅन बस’वरून जातात, ही पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडली. तेथे जुन्या-नव्यांमध्ये दुभाष्या लागतो. तो म्हणजे आपल्याच गाडीच्या नमुन्यासाठी बनवलेला अ‍ॅडॉप्टर.

दुकानदारास गाडीचे वर्ष व नमुना आधी सांगावा. मूळ तारा कापू देऊ नयेत. तयार जोडणी वापरावी. काम सुरू होण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, आणि चक्र मुळीच उघडू देऊ नये, कारण आत एअरबॅग असते. पैसे चुकते करण्याआधी उभ्या गाडीतच प्रत्येक बटण दाबून पाहावे. ही परीक्षा भर चौकात घेण्याची पाळी येऊ नये.